माहेरच्या बाळाची नोंद

बोरमळ्यात गेल्या चार वर्षांत एकही तान्हं बाळ दगावलं नव्हतं. यात बोरमळ्याचा पराक्रम फारसा नव्हता. चार वर्षांत कागदोपत्री तिथं तान्हं बाळ म्हणावं असं फारसं कुणी आलंच नव्हतं.

प्रत्यक्षात बाळं भरपूर होती. शेळगावच्या पुढं डाळिंबाच्या आणि पेरूच्या बागांमधून विखुरलेल्या त्या वस्त्यांवरून दुपारी फेरी मारली, तर दर चार घरांमागं एका घरातून ओव्याच्या धुरीचा वास येई आणि दोरीवर लंगोटांची रांग दिसे. पण ती लेकींची बाळं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, दुसऱ्यालाही बहुतेक येते, आणि तिसरं हल्ली कुणी करत नाही. त्यामुळं बोरमळ्यात जी बाळं अंग धरत, ती नात्यानं दुसऱ्या गावची असत. आणि जी बोरमळ्याची, ती आईच्या माहेरी, तिसऱ्याच गावात रडत असत.

गावची आशाताई अनिता हिला पहिली दहा वर्षं यात काही गैर वाटलं नव्हतं. बाळ दिसलं की ती बघे. मग ‘बेचाळीस दिवस’ नावाचा प्रकल्प आला.

प्रकल्प चांगला होता. कुठल्याशा डोंगराळ मुलखात त्यानं खरोखरच शेकडो बाळं जगवली होती, म्हणून तो तिथून उचलून इंदापूर आणि बारामती तालुक्यांत आणून ठेवला होता. आशानं बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवशी जायचं, सातव्या दिवशी जायचं, असं करत करत बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जायचं. बाळाला झोळीच्या काट्यावर तोलायचं, अंग गार पडलंय का बघायचं, आणि सगळं मोबाईलमध्ये भरायचं. शिकवायला चित्रांचा एक मोठा तक्ताही दिला होता. त्यात बांबूचं घर होतं, मागं डोंगर होता, आणि बाळंतिणीच्या शेजारी तिची सासू बसली होती.

इंदापूरच्या प्रशिक्षणात सुयोग नावाच्या समन्वयकानं तक्त्यावर काठी ठेवली. सुयोग पुण्याचा, हसतमुख, आणि कुणालाही दुखवायला अतिशय भिणारा मुलगा होता.

"या चित्रात सगळ्यात महत्त्वाचं कोण?"

"बाळ," सगळ्या आशा म्हणाल्या.

"नाही. सासू! घरातले निर्णय कोण घेतं? सासू. म्हणून आधी सासूला विश्वासात घ्यायचं."

"सर," अनिता उठून म्हणाली, "आमच्याकडं बाळंतिणीजवळ सासू नसती. आई असती. सासू चाळीस किलोमीटरवर असती."

सुयोगनं तक्त्याकडं पाहिलं. तक्त्यात आईसाठी जागा नव्हती.

"मग आईला सासू समजायचं," तो म्हणाला.

राहिला प्रश्न बाळ कुठल्या गावचं धरायचं याचा, कारण मोबाईलमधल्या फॉर्मवर ‘गाव’ अशी एकच चौकट होती. त्यासाठी बोरमळ्यात सभा झाली. सरपंच अविराज जेमतेम तिशीचा, पण विचारानं आजोबांच्या वयाचा होता. तो म्हणाला, "यात इचारायचं काय? लेक दिली ती त्यांची. लेकीचं लेकरू त्यांचं. आपुन आपल्या सुनांची लेकरं लिव्हायची." सभेला ते लगेच पटलं. गावात एरवी पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटत. हा ठराव मात्र एकमतानं झाला.

"आन् लेकीचं बाळ हितं आजारी पडलं तर?" अनितानं विचारलं.

"ज्येचं त्येनं बघावं," अविराज म्हणाला, आणि चहा आला.

तिकडं बारामती तालुक्यातल्या गावांनीही हाच शहाणपणा केला होता. तेव्हा दोन्ही तालुक्यांत मिळून प्रत्येक बाळ एका गावात होतं आणि त्याची नोंद दुसऱ्या गावात. अनिताच्या यादीत चार सुना होत्या. एक अकलूजकडं माहेरी, एक दौंडकडं, दोघी फलटणच्या बाजूला. अनिता त्यांना फोन लावी. "दूध पितंय का? झोपतंय का? बरं." मग वजनाच्या चौकटीत काहीतरी घालायला लागे. प्रशिक्षणात सांगितलं होतं, निरोगी बाळ दिवसाला तीस ग्रॅम वाढतं. अनिता वाढवत असे. सुरुवातीला तिचा हात थांबायचा. पुढं पुढं थांबेना.

चार सुनांच्या बाळांसाठी चार लोकरी झोपपिशव्याही आल्या होत्या. बाळाचं अंग उबदार राहावं म्हणून प्रकल्पानं पाठवलेल्या. त्या प्लॅस्टिकसकट अनिताच्या कपाटात होत्या, कारण नोंद असलेल्या बाळालाच द्यायच्या असा नियम होता आणि नोंद असलेली बाळं फलटणला होती.

जानेवारीत सावळारामांची स्वरूपा बाळंत झाली.

सावळाराम म्हणजे तीन एकर डाळिंब, बोलणं हळू, आणि दारात कुणीही आलं की आधी खुर्ची पुढं करणारा माणूस. बायको बनाबाई. स्वरूपा त्यांची एकुलती लेक, पणदऱ्याजवळच्या एका वाडीत ऊसवाल्यांच्या घरी दिलेली. नवरा माऊली, सासरा सोनबा. तीन आठवडे आधीच बाळंत झाली. मुलगा. वजन दोन किलो शंभर. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणलं.

अनिता पाचव्या दिवशी गेली. घरात सुवेर होता, बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्यानं जायचं नव्हतं. पण चौदा वर्षांत अनितानं सुवेराशी समझोता केलेला होता.

"बनामावशी, मी आत जाऊन आले की घरी अंघोळ करणारच हाय. मग तुमचा इटाळ माझ्या न्हाणीत. चाललं का?"

"तुझं तोंड कोण धरणार बाई? ये."

आत स्वरूपा खाटेवर बसली होती. बाळ एका जुन्या, विरलेल्या लुगड्याच्या तुकड्यात होतं. अनितानं कपाटातली एक पिशवी नियम मोडून बरोबर आणली होती. ती प्लॅस्टिकमधून बाहेर निघाली तशी बनाबाई दोन पावलं मागं सरल्या.

"नवं? बारशाच्या आत नवं घालायचं न्हाय लेकराला. नजर लागती. जुनंच घालत्यात."

तक्त्यात यावर काही नव्हतं. अनितानं वाद घातला नाही. ती पिशवी घेऊन वाटेवरच्या लखनच्या घरी गेली, त्याच्या आठ महिन्यांच्या दांडग्या पोराला तीत घातलं, पोरानं तासभर लाळ गाळली, एकदा मुतलं. मग ती पिशवी धुऊन, उन्हात वाळवून संध्याकाळी परत आणली.

"घ्या. जुनी."

बनाबाईंनी पिशवी उलटसुलट केली, हुंगली. "कुणाची?"

"लखनच्या पोराची."

"लई गुटगुटीत हाय ते," बनाबाई समाधानानं म्हणाल्या आणि बाळ पिशवीत गेलं.

सुयोगला हे सांगितल्यावर तो एवढा खूष झाला की त्यानं ते वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "पण हे बाळ आपल्या यादीत आहे ना?" नाही म्हटल्यावर त्यानं लिहिलेलं खोडलं.

सातव्या दिवशी अनिता काटा घेऊनच गेली. पिशवीसकट तोललं, पिशवीचं वजा केलं. एकोणीसशे वीस. बाळाच्या पोटाला हात लावला, कोमट. पायांना लावला. तिनं स्वतःचा हात पदरात घासून पुन्हा लावला.

"मावशी, पाय गार लागत्यात."

"हिवाळा हाय. माझं बी गार हायत, बघ."

"वढतंय का गं?" तिनं स्वरूपाला विचारलं.

"काल वढत हुतं. आज तोंड लावतंय आन् सोडतंय." स्वरूपा एकवीस वर्षांची होती, आणि जे सांगितलं ते जसंच्या तसं करणारी होती. अनितानं सांगितल्याप्रमाणं तिनं बाळ उघड्या छातीशी धरलं, वरून शाल घेतली, आणि ती हलेनाशी झाली. पुतळ्यासारखी बसून फक्त डोळ्यांनी बोलायची.

अनिता बाहेर आली. "तात्या, बारामतीला मोठ्या दवाखान्यात न्यायचं. काचेच्या पेटीत ठिवतील चार दिस, ऊब दितील. मी गाडीला फोन लावते."

सावळारामांनी आधी खुर्ची पुढं केली. "बसा ताई. पाव्हण्यांना इचारतो."

"इचारायचं काय त्यात?"

"लेकरू त्यांचं हाय."

त्यांनी माऊलीला फोन लावला. तो कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टरवर होता, उचलेना. मग सोनबांना लावला. स्पीकरवर. अनितानं ऐकलेलं ते संभाषण अतिशय सभ्य होतं.

"रामराम पाव्हणं. बाळ जरा वढत न्हाय म्हणत्यात. आशाताई म्हणत्यात बारामतीला न्यावं."

"रामराम सावळारामराव. असं का? आमी आलो असतो, पर आमाला सुवेर हाय, धा दिस कुणाच्या उंबऱ्याला कसं यायचं? तुमी हायसा की तितं. तुमी काय परके हाय का? तुमच्या मनानं करा. आमचं काय म्हणणं न्हाय."

फोन बंद झाला. अनिता उठली. "झालं की. चला."

सावळारामांनी फोन खाटेवर ठेवला. "ताई, तुमाला कळत न्हाय. म्हणणं न्हाय म्हंजी नंतर म्हणणं असतंय. उद्या कायबी झालं तर आमचा नातू परस्पर पेटीत नेऊन घातला म्हणतील. पोरीला जल्मभर ऐकावं लागंल. लेकरू म्हंजी ठेव असती दुसऱ्याची."

"मग त्यांनी न्या म्हणायला पायजे?"

"त्यांनी तोंडानं न्या म्हणलं पायजे."

तिकडं सोनबांचंही चुकत नव्हतं. आपल्या घरात बसून सुनेच्या बापाला फोनवरून हुकूम सोडणं त्यांना शोभलं नसतं. त्यांनी मान दिला होता. इकडं सावळारामांनी मान राखला होता. दोन्ही घरं मोठी मानी होती. दुपारपर्यंत ती एकमेकांना मानच देत होती.

अनितानं गाडी बोलावलीच. गाडी पंचवीस मिनिटांत आली. चालक बिरू खाली उतरला, सावळारामांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला.

"पेशंट आणा," बिरू म्हणाला.

"पाच मिण्टं. पाव्हण्यांचा फोन येतोय."

फोन आला. पण तो सोनबांनी स्वस्थ बसून केलेला नव्हता. नातवाच्या काळजीनं ते मोटरसायकल काढून त्यांच्या वाडीच्या आशाकडं, रोहिणीकडं गेले होते. रोहिणीच्या यादीत स्वरूपा होती. सून त्यांची, म्हणजे नोंद तिथली.

"सावळारामराव, काय घाबरू नका. आमच्या आशाच्या मोबाईलमदी बघितलं मी सोता. सातव्या दिवसाची भेट झालेली हाय. वजन सव्वीसशे. दूध पितंय, सगळं बरोबर हाय, हिरवं दिसतंय."

"अहो आबा," अनिता फोनवर ओणवी होऊन ओरडली, "मी आत्ता तोललंय! एकोणीसशे वीस भरलंय!"

पलीकडून सोनबा कुणालाही न दुखवता म्हणाले, "ताई, तुमचा काटा खराब आसंल. हितं सरकारी मोबाईलमदी हाय."

सावळारामांच्या चेहऱ्यावरची सुटका अनितानं पाहिली. माणसाच्या डोक्यावरचं गाठोडं दुसऱ्यानं उतरवून घ्यावं तशी. पाव्हण्यांनी तोंडानं सांगितलं होतं. पाव्हण्यांच्या गावचा आकडा होता. सातशे ग्रॅमांनी जास्त होता. बिरूला दुसरीकडून फोन आला होता. त्यानं चहाचा कप खाली ठेवला, अनिताकडं एकदा पाहिलं आणि गाडी वळवली.

रोहिणीला शिव्या द्यायला अनिताच्या ओठांवर चार शब्द आले. ते तिनं गिळले. अकलूजचं बाळ त्याच दिवशी सकाळी तिनं तीस ग्रॅमच्या हिशेबानं वाढवलं होतं.

आठव्या दिवशी सकाळी ती पुन्हा गेली. स्वरूपा तशीच बसलेली होती, बाळ तसंच छातीशी. तिनं फक्त वर पाहिलं. बाळाचं रडणं मांजराच्या पिलाएवढं बारीक झालं होतं आणि ओठांभोवती निळसर सावली होती. अनिता काही बोलायच्या आधीच बनाबाईंनी खुंटीवरची शाल ओढली.

"चला. शिव्या काय हुत्यात त्या मी खाईन."

"अगं पण पाव्हणं…" सावळाराम म्हणाले.

"गाडीत बसून इचारा."

शेजारच्याची जीप मिळाली. बाळाला छातीशी धरून स्वरूपा मधे, एका बाजूला बनाबाई, दुसऱ्या बाजूला अनिता. पुढं चालकाशेजारी सावळाराम. लासुर्णं गेलं. पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली, जीप मागं मागं सरपटू लागली. सावळारामांचा फोन लागला.

"रामराम पाव्हणं. निघालोय बारामतीला… न्हाय न्हाय, तुमच्या परवानगीबिगर कसं… म्हणून तर फोन केला… व्हय… बरं… तुमी म्हणत असाल तर नेतो."

ते मागं वळले. चेहरा मोकळा झाला होता. "न्या म्हणाले," त्यांनी सांगितलं. "तोंडानं म्हणाले."

अनिताचा हात शालीखाली बाळाच्या पोटावर होता. तो तिनं काढला नाही. काढला असता तर स्वरूपाला कळलं असतं. तसं तिला कळलंच होतं. तालुक्याची हद्द अजून यायची होती.

बाळाला पुरायचं कुठं यावर मात्र कुणाचा मतभेद झाला नाही. लेकरू त्यांचं. सोनबांच्या रानात, उसाच्या बांधाला. सुवेराच्या जागी सुतक आलं होतं, तेव्हा आता येण्याजाण्याला कुणाची हरकत नव्हती. बाळ आपल्या गावी पहिल्यांदा गेलं ते असं.

इंदापूरला प्रकल्पाची आढावा बैठक होती. पडद्यावर सुयोगनं गावांचे गोल दाखवले, हिरवे आणि लाल. बोरमळ्याचा गोल हिरवागार. "शून्य नवजात मृत्यू!" सुयोग म्हणाला. "सलग चौथं वर्ष. गावाला फलक मिळणार आहे."

"एक झालाय सर," अनिता म्हणाली. "स्वरूपाचं बाळ. आठव्या दिवशी."

सुयोगचा चेहरा खरंच पडला. त्यानं बोरमळ्याची यादी वरखाली केली. "आपल्याकडं स्वरूपा नाही, ताई." मग बारामतीची उघडली. "इथं आहे. थांबा… चौदाव्या दिवसाची भेट काल झालीय. वजन दोन हजार आठशे दहा." तो सुस्कारा सोडून हसला. "अहो ताई, हे बाळ तर छान चाललंय."

"ते पुरलंय सर."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. सुयोगनं पडदा बंद केला, आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

अनितानं रोहिणीला फोन लावला. रोहिणी रडायला लागली.

"ताई, मला कुणी सांगितलंच न्हाय वो. आबा मोबाईल बघून गेले, त्यानंतर त्येंच्यातलं कुणी भेटलं न्हाय, त्येंच्या दारात मी गेले न्हाय. माझी बारा बाळं हायत, त्यातली नऊ माहेरी. फोन लावते, उचलला तर इचारते, न्हाय उचलला तर जल्माचं वजन अंदाजानं आन् पुढं दिवसाला तीस ग्रॅम धरते. शिकवलंय तेवढंच धरते, एक ग्रॅम जास्त घातला न्हाय म्या."

"माहीत हाय गं," अनिता म्हणाली. "मी बी तेवढंच धरते."

नोंद दुरुस्त करायचं ठरवलं तर वाट एकच होती, आणि सुयोगनं ती प्रामाणिकपणे दाखवली. शेवटच्या दिवसांत बाळ जिथं राहत होतं तिथल्या आशानं फॉर्म भरायचा. त्यावर आईची सही. मृत्यूपासून एकवीस दिवसांच्या आत. त्यानंतर मोबाईल ती नोंद घेत नाही. "फक्त विचार करा, ताई," तो म्हणाला. "गेलेलं बाळ परत येणार नाही. गावाचा फलक जाईल, रोहिणीताईंची चौकशी लागेल, त्या कुटुंबालाही पुन्हा त्रास. आणि कागद पास होईपर्यंत रोहिणीताईंना पुढच्या भेटी भरत राहायला सांगा. नाहीतर लाल दिसतं."

अविराज घरी आला. बसला नाही. "ताई, लाकूड आणलंय आपुन फलकाच्या कमानीला. आमदारांना आवतान दिलंय. तुमी ह्याच गावात नांदताय ना?"

"नांदते की."

"मग गावाचं वंगाळ का करताय? लेकरू त्यांचं हुतं. सभेत ठरलंय."

"गार पडलं ते आपल्या शिवंत, अविराजभाऊ."

"मरायला काय, कुणीबी कुठंबी मरतंय," अविराज म्हणाला, आणि हे बोलून त्यालाच कसंसं झालं असावं, कारण तो चहा न घेता गेला.

अनितानं फॉर्म भरला. चौदा वर्षांत तिनं नीट अक्षरात भरलेला तो पहिला कागद असेल. कारणाच्या रकान्यात चौकटी होत्या: जंतुसंसर्ग, कमी वजन, अंग गार पडणं, श्वास गुदमरणं. मानपान अशी चौकट नव्हती. तिनं दोन चौकटींवर खूण केली आणि खाली ‘इतर’ पुढं लिहिलं, ‘फोनवर विचारण्यात एक दिवस गेला. मोबाईलमधलं वजन खरं धरलं.’ तिला वाटलं, हे एवढं जरी वर कुणी वाचलं, तरी पुढच्या लेकीचं बाळ हितल्या आशाच्या यादीत लिहितील. तेवढ्यासाठी रोहिणीबरोबर स्वतःचीही चौकशी ओढवून घ्यायला ती तयार होती. राहिली आईची सही.

मुदतीला दोन दिवस होते. स्वरूपा अजून माहेरीच होती. त्याच खोलीत, त्याच खाटेवर. धुरी बंद झाली होती आणि दोरी मोकळी होती. बनाबाई मागं भांडी घासत होत्या.

अनितानं कागद पुढं ठेवला, समजावून सांगितलं. स्वरूपानं सगळं ऐकून घेतलं, नेहमीसारखं.

"ही सही केली म्हंजी काय हुतंय, ताई?"

"बाळ गेलं अशी नोंद हुती. मग पुढं आसं कुणाच्या बाळाचं हू नये म्हणून…"

"आन् मेसेज?"

"कसलं मेसेज?"

स्वरूपानं उशीखालून फोन काढला आणि पुढं धरला. प्रकल्पाचे होते. भेट भरली की आपोआप आईच्या नंबरवर जाणारे; अनितानं कधी पाहिले नव्हते, कारण ते तिला येत नसत. बाळ गेल्यानंतरचा पहिला चौदाव्या दिवसाचा. दुसरा एकविसाव्या. ‘अभिनंदन! आपले बाळ २१ दिवसांचे झाले. वजन ३०२० ग्रॅम. असेच स्तनपान चालू ठेवा.’

अनितानं फोन हातात घेतला. "हे बंद करते मी. सही केलीस की बंद हुतील."

"म्हणूनच इचारलं," स्वरूपा म्हणाली. फोन तिनं परत घेतला आणि पदरानं त्याची काच पुसली. "उद्या अठ्ठाविसावा हाय. उद्या येईल ना?"

"येईल."

"सव्वातीनच्या आसपास भरंल. मी हिशेब केलाय. बेचाळीस दिस होऊ द्या ताई. मग करते सही. तुमी म्हणाल तितं करते."

अनितानं तिला मुदतीचं सांगायला तोंड उघडलं. सांगितलं असतं तर पोरीनं सही केली असती. सांगितलेलं ती जसंच्या तसं करायची. अनितानं पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. बाहेर आली तेव्हा सावळाराम खुर्ची घेऊन उभे होते.

"बसा की ताई."

"नको तात्या."

बागेच्या बांधावर पोचेपर्यंत सुयोगचा फोन आला. अविराजनं कळवलं असणार.

"काय झालं ताई सहीचं?"

"न्हाय केली."

"अरे वा. म्हणजे, वाईटच आहे सगळं, पण बरं झालं. तुम्ही व्यवस्थित समजावलंत. हेच समुपदेशन. मी ही तुमची भेट म्हणून घालतो हं."

"ती न्हाय म्हणली न्हाय, सर. थांबा म्हणली."

"तेच ते," सुयोग म्हणाला. त्याचा आवाज मनापासून हळवा झाला होता. "जेवलात का तुम्ही?"

सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

"व्हय," अनिता म्हणाली. "जेवले."